बाटलीतली बिअर, मडक्यातली सोयरीक

डहाणू रोड स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल आणि जुन्या पंच्यात गुंडाळलेले तीन काचेचे ग्लास होते. ग्लास कशाला, असं निघताना बायकोने विचारलं होतं. मी तिला समजावलं, की गव्हाच्या बिअरचा ग्लास उंच असतो, काळ्या बिअरचा बुटका, आणि भलत्या ग्लासात भलती बिअर ओतणं म्हणजे पैठणीवर स्वेटर घालणं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या का, एवढंच विचारलं. आमच्या घरात माझ्या विद्वत्तेचा मान असा राखला जातो.

इथे थोडा खुलासा करायला हवा. पुण्यात आमचं एक बिअर अभ्यास मंडळ आहे. एक निवृत्त प्राध्यापक, दोन दंतवैद्य, एक करसल्लागार आणि विमा कचेरीतून सुटलेला मी, असे आम्ही शनिवारी संध्याकाळी जमतो. आमच्याकडे बिअर पिण्यापेक्षा तिच्याविषयी बोललं जास्त जातं. एक घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि काय काय जाणवलं ते सांगायचं. एक म्हणतो, संत्र्याची साल. दुसरा म्हणतो, भाजलेली कॉफी. ज्याला काहीच जाणवलेलं नसतं तो म्हणतो, शेवटी शेवटी थोडं लाकूड येतं, आणि मग सगळेच माना डोलावतात.

मंडळाचा इतिहास विभाग माझ्याकडे आहे. मिसर देशात मजुरांना रोजच्या शिध्यात भाकरीबरोबर बिअर मिळायची, युरोपातल्या मठांत संन्यासी जपाइतक्याच निष्ठेने बिअर गाळायचे, इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या आपल्या लोकांसाठी जास्त कडू बिअर जहाजांत भरून पाठवली, हे सगळं मी तोंडपाठ सांगू शकतो आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो. तर आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे त्या प्राध्यापकांनी, या वर्षी फर्मान काढलं की परदेशी बिअरचा अभ्यास पुरे, आता आपल्या मातीतली बिअर शोधा. माझा जुना सहकारी मधू राऊत निवृत्तीनंतर डहाणूजवळच्या चिखले गावी चिकूची वाडी सांभाळतो. त्यामुळे उत्तर कोकणची मोहीम माझ्या गळ्यात पडली.

स्टेशनबाहेर रिक्षा केली. वाटेत संशोधनाला सुरुवात करावी म्हणून रिक्षावाल्याला विचारलं, "इथली स्थानिक बिअर कुठे मिळते हो?"

"समोर दुकान आहे ना काका. सगळ्या कंपनीची आहे."

"तसं नाही. स्थानिक म्हणजे इथे तयार होणारी."

त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. "इथे चिकू तयार होतात," तो म्हणाला, आणि आरसा वळवून घेतला.

चिखल्याचा किनारा लांबच लांब आहे. सुरूची झाडं आणि त्यामागे वाड्या. समुद्र ओहोटीला इतका आत जातो की बघणाऱ्याला वाटावं, तो आता परत यायचा नाही. मधूचं घर वाडीतच होतं. त्याची बायको नीलावहिनी तिकडे आत गंजाडच्या बाजूला एका शाळेत शिकवते. तिने माझे ग्लास पाहिले आणि धुऊन देव्हाऱ्याशेजारी ठेवले. पाहुण्याच्या पिशवीत पंच्यात गुंडाळून आलेली वस्तू पूजेचीच असणार, असा तिचा समज झाला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधूने ताडी आणली. ताडाच्या झाडावर चढून काढलेला तो रस, सकाळचा म्हणून अजून गोड, पांढुरका, वर बारीक फेस. मी तो उंच ग्लासात ओतला, उजेडात धरला, नाकाशी नेला, ग्लास गोल फिरवला आणि डोळे मिटले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

"बरं वाटत नाही का त्यांना?" तिने मधूला हळूच विचारलं.

मी डोळे उघडून निकाल दिला. "ही बिअर नव्हे. बिअर धान्याची असते. हा झाडाचा रस आहे. शास्त्राप्रमाणे हिला बिअर म्हणता येणार नाही."

"मग नको का?" मधूने तांब्या मागे घेतला.

तांब्या मी घाईने परत ओढला. एका ग्लासावरून निष्कर्ष काढणं अभ्यासकाला शोभत नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत माझी पक्की खात्री झाली की ही बिअर नव्हे. त्यावर वहिनीने तळलेले बोंबील वाढले आणि मी दुपारपर्यंत झोपलो.

जाग आल्यावर मधूबरोबर तलासरीला गेलो. तलासरी म्हणजे हमरस्त्यावरचं महाराष्ट्राचं शेवटचं मोठं गाव. पुढे गुजरात, तिथे दारूबंदी. त्यामुळे या भागात बिअरचा इतिहास नसेलही, पण भूगोल जबरदस्त आहे. सरहद्दीच्या अलीकडे बारच्या पाट्या अशा दाटीने लावल्या आहेत, की पलीकडे जणू वाळवंटच सुरू होणार आहे. रस्त्याकडेला उबाडियू (मडक्यात पाला घालून भाजलेल्या शेंगा आणि कंद) विकणारे बसले होते. एक द्रोण घेऊन आम्ही एका बारमध्ये शिरलो.

मी वेटरला बिअर किती थंड ठेवता ते विचारलं. "एकदम थंड करून देतो," तो म्हणाला आणि आतूनच दोन्ही पेल्यांत बर्फाचे खडे टाकून घेऊन आला. बिअरमध्ये बर्फ! आमच्या मंडळात हे घडलं असतं तर तातडीची सभा बोलवावी लागली असती. मी चमच्याने खडे बाहेर काढू लागलो. शेजारच्या टेबलावर वापीहून आलेले एक जाडजूड गृहस्थ सहकुटुंब बसले होते. बायकामुलं पावभाजी खात होती आणि हे एकटे भराभर बाटल्या संपवत होते. सरहद्द बंद व्हायची वेळ झाल्यासारखी त्यांची घाई होती. मी त्यांना पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या शिध्याची गोष्ट सांगितली.

"शूं वात करो छो!" (काय सांगता!) ते म्हणाले. त्यांनी खिन्नपणे पेला खाली ठेवला. "अमने तो खाली पगार मळे छे." (आम्हाला नुसता पगारच मिळतो.)

माझ्या व्याख्यानाला इतकी मनापासून दाद पुण्यात कधी मिळाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी नीलावहिनी म्हणाली, "तुम्हाला इथलं काही पाहायचंय ना? चला आज माझ्याबरोबर. सुनीताची सोयरीक पक्की व्हायची आहे." सुनीता तिची जुनी विद्यार्थिनी. आता गंजाडच्या बाजूला एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. मुलगा दिनेश, तलासरीकडचा, उंबरगावच्या कारखान्यात कामाला. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, घरच्यांचाही होकार होता. राहिलं होतं ते सगळ्यांसमोर पक्कं करणं.

मधूही निघाला, आणि मी ग्लासांची पिशवी घेतली. गंजाडपासून आत, कच्च्या रस्त्याने सुनीताचा पाडा लागला. कुडाची घरं, सारवलेली अंगणं, मागे भाताची रिकामी खाचरं. अंगणात मांडव घातला होता. सुनीताचा आजा खाटेवर बसला होता. अंगाने वाळका, आवाज मात्र खणखणीत. घरात वडीलधारा तोच. वहिनीने माझी ओळख करून दिली, "हे पुण्याचे. बिअरवर अभ्यास करतात."

"म्हंजे काय करतात?" आजाने विचारलं.

"पितात आणि सांगतात."

"बेस," आजा म्हणाला. त्याला यात वावगं काही वाटलं नाही.

तिथली रीत वहिनीने मला वाटेतच सांगितली होती. मुलाकडच्यांनी ताडी आणायची. ती मुलीच्या घरच्या एका मडक्यात ओतायची. वडीलधाऱ्याने चार थेंब जमिनीला द्यायचे, मग दोन्हीकडच्या माणसांनी त्या एकाच मडक्यातली प्यायची. मडकं रिकामं झालं की सोयरीक पक्की. ना लिहिणं, ना सह्या.

थोड्या वेळाने टेंपो आला आणि मुलाकडची मंडळी उतरली. पाठोपाठ थर्माकोलचा हा एवढा मोठा खोका उतरला. दिनेश शर्ट-पँट कडक इस्त्री करून आला होता, आणि त्याच्या तोंडावरून कळत होतं की खोक्याची कल्पना त्याचीच. झाकण उघडलं. बर्फात बिअरच्या बाटल्या! ताडी तर काय, कोणीही आणतो. आपल्या सुनीताच्या सोयरिकीला काही झोकदार पाहिजे, असं त्या बिचाऱ्याला वाटलं होतं. पोरांनी बाटल्या फटाफट उघडल्या आणि मांडवात ज्याच्या त्याच्या हातात एकेक दिली. सगळे खूश. मला कोणी विचारण्याआधीच मी पिशवीतला बुटका ग्लास काढून तिरका धरला, बिअर त्यात ओतली, आणि फेसाची उंची बघत बसलो.

बाटल्या अर्ध्यावर आल्या होत्या. आजाच्या हातातली बाटली मात्र तशीच भरलेली. त्याने ती खाटेखाली ठेवली.

"मडकं कुठं हाय?" त्याने विचारलं.

मडकं घरात धुऊन, हळद लावून ठेवलेलं होतं, पण त्यात कोणी काही ओतलंच नव्हतं.

"ह्याने ह्याच्या बाटलीतली प्याली, त्याने त्याच्या बाटलीतली," आजा म्हणाला. "एकमेकांची कोणी प्याली? सोयरीक झाली कुणाची, बाटलीची?"

दिनेशचा चेहरा पडला. त्याचा मामा मात्र भडकला. "आम्ही एवढी भारी बिअर आणली, आणि हे काढायचं?" त्याने बाटली आपटली. मधू म्हणाला, ताडी मागवू या की. आजाने मान हलवली. ताडी सकाळी उतरते, आणि इथे कोणाच्या घरातली उसनी घेतली तर ती मुलाकडची होत नाही. मामा उठून उभा राहिला. "चला रे," तो म्हणाला. वहिनीने माझा दंड घट्ट धरला. "आज असे उठून गेले ना, तर पुढची भातकापणी होईपर्यंत या घरात पाऊल टाकायचं नाही, अशी रीत आहे," ती कुजबुजली. "आणि त्या मामाच्या मनात दिनेशसाठी दुसरी मुलगी आहेच."

मी काय करणार? मी बिअरचा ग्लास बाजूला ठेवला आणि मांडवाच्या कडेला जाऊन पिशवीतले बाकीचे दोन ग्लास विसळायला लागलो. संकटाच्या वेळी काहीतरी विसळत राहणं मला जमतं. तिथे सुनीता आली. हिरवी साडी, हातात बांगड्या.

"काका, तुम्हाला बिअरचं सगळं माहीत आहे ना?"

"थोडंफार," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी असं उत्तर दिलं.

"सगळ्यांच्या बाटल्यांत उरलीय. ती मडक्यात ओतली तर? पण आजा म्हणेल, ही कारखान्यातली, हिचं मडक्यात काय काम. तो माझं ऐकायचा नाही. शाळेतल्या बाईंचंही नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही लांबून आलाय." ती थांबली. "बिअर मडक्यातली असते, असं काहीतरी सांगा ना. मोठ्याने सांगा."

मंडळात ज्या गोष्टीसाठी लोक मला थांबवतात तीच गोष्ट करायची कोणी हात जोडून विनंती करावी, हा अनुभव नवा होता. शिवाय, आठवून पाहिलं तर मला खोटंही बोलावं लागणार नव्हतं. मी मांडवाच्या मध्यभागी गेलो आणि घसा साफ केला.

"आजोबा, हजारो वर्षांपूर्वी सुमेर नावाचा देश होता. बिअरच्या जुन्यात जुन्या खुणा तिकडच्या. तिथे बाटली नव्हती, पेलेही नव्हते. मधे एक मोठं मडकं ठेवायचे. सगळे भोवती बसायचे, आणि वेताच्या लांब नळ्या लावून सगळे त्या एकाच मडक्यातली बिअर प्यायचे. त्याची चित्रं कोरलेली सापडली आहेत. बाटली ही आत्ताची. बिअर मूळची मडक्यातलीच."

मामाही ऐकायला थांबला. आजाने हनुवटी खाजवली.

"नळी कशाला?"

"वर धान्याची टरफलं तरंगायची."

"गाळायला फडकं नव्हतं?"

हा प्रश्न मला आजवर एकाही प्राध्यापकाने विचारला नव्हता. "नसेल बहुतेक," मी म्हणालो. मांडव हसला. आजाही हसला, आणि मग त्याने मोठ्याने हाक मारली, "आणा मडकं!"

पुढे जे घडलं ते आमच्या मंडळाच्या कोणाही सभासदाने पाहू नये. हळद लावलेलं मडकं मांडवात आलं आणि एकेकाने आपली उरलेली बाटली त्यात उपडी केली. हलकी होती, कडक होती, दोन पोरांची लिंबाच्या चवीची होती. मामाने आपली रागारागाने ओतली, पण ओतली. दिनेशने सगळ्यात शेवटी ओतली आणि बाटली झटकून थेंबही काढला. मग सगळ्यांनी माझ्या ग्लासाकडे पाहिलं. त्यातला फेस अजून छान टिकला होता. मी डोळे मिटून तो ग्लास उपडा केला.

आजाने चार थेंब जमिनीला दिले आणि पहिला द्रोण स्वतः प्याला. मग दोन्हीकडचे बाप, मग मामा, मग बायका, मग मधू आणि वहिनी. शेवटी द्रोण माझ्याकडे आला. ती चव सांगतो. कोमट. फेस नाही, वायू नाही. आधी लिंबू, मग कडू, मग मडक्यात वर्षानुवर्षं मुरलेल्या ताडीचा आंबूस वास, आणि सगळ्यावर हळद. इतकी वाईट बिअर मी जन्मात चाखली नव्हती. पण दाराच्या चौकटीला धरून सुनीता माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नाकाशी नेलं नाही, गोल फिरवलं नाही. तळापर्यंत प्यालो आणि म्हणालो, "बेस!"

मांडवात एकच गलका झाला. सुनीता आत पळाली. मामा दिनेशच्या पाठीत धपाटा घालून हसायला लागला. मला भरून आलं, हे सांगायला मला संकोच नाही.

निघताना पाया पडायला गेलो तर आजाने माझा हात धरला. "तू प्यालास ना? आता तू बाहेरचा नाय. ह्यांचं भांडण झालं तं मडक्यातलं प्यालेल्यांना बोलावतात. तुला पण बोलावतील."

"पुण्याहून?" मी हसून विचारलं.

"मग? पुण्याला रस्ता नाय?"

पुण्याला आलो. शनिवारी मंडळासमोर निबंध वाचला. उत्तर कोकणात देशी बिअर नाही, हा निष्कर्ष सर्वांना पसंत पडला. मग मी मडक्यातल्या मिश्रणाची चव सांगितली आणि शंभरपैकी शंभर गुण दिले, तेव्हा करसल्लागार म्हणाले, याला ऊन लागलं असणार. मी वाद घातला नाही. मी आमच्या टेबलाकडे पाहत होतो. पाच माणसं, पाच आकारांचे ग्लास, पाच निरनिराळ्या बिअर. मागे दोन दंतवैद्यांपैकी एकाच्या मुलीचं लग्न मोडलं, त्या शनिवारीही आम्ही असेच बसलो होतो. संत्र्याची साल की मोसंबीची, यावर त्या संध्याकाळी बरंच बोलणं झालं. मुलीचं आम्हाला पुढे महिनाभराने कळलं, तेही बाहेरून. हे आठवून मला फार वाईट वाटलं आणि माझ्या पुढ्यातली उत्तम बिअर मला गिळवेना.

वैशाखात सुनीताचं लग्न झालं. आणि आता, पावसाळा सरल्यावर, तिचा फोन आला. सासूचं म्हणणं, नोकरी सोड. दिनेश आईपुढे गप्प. तिने नोकरी सोडणार नाही म्हणून सांगितलं आणि माहेरी निघून आली.

"शनिवारी बसणार आहेत, काका. मडक्यातले सगळे येणार. तुम्हाला पण बोलावलंय."

"अगं, पण मी तिथे काय बोलणार? मला या भानगडींतलं काही कळत नाही."

"बोलू नका. नुसते येऊन माझ्या बाजूला बसा. पुण्याहून माणूस आला म्हटल्यावर सासूला कळेल."

मी अध्यक्षांना फोन केला, की डहाणूला जायचंय, या शनिवारी जमणार नाही. ते हळहळले. बेल्जियमहून कोणी तरी मठातली खास बिअर आणली होती, पुन्हा मिळणं कठीण. असं काय काम निघालं डहाणूला, असं त्यांनी विचारलं.

"काम असं नाही," मी म्हणालो. "मी तिथे प्यालोय."